पाहुण्यांसाठी आणलेला माग

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि रेवणपेठ वाचनालयाचे आधारस्तंभ आदरणीय व्यंकटराव. परभणीहून एवढा धुळीचा रस्ता तुडवत आमच्या शब्दाला मान देऊन आलेले प्रमुख पाहुणे माननीय डिप्टी कलेक्टरसाहेब. महिला मंडळाच्या अध्यक्षा कमलबाई. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती धुरपताबाई. आणि सतरंजीवर, खिडकीत, ओसरीवर, जिथं जागा मिळाली तिथं बसलेल्या माझ्या पेठकर बंधूंनो आणि भगिनींनो,

वाचनालयाचा चिटणीस म्हणून आज मला दोन कामं नेमून दिली आहेत. साहेब आमच्या गावी पहिल्यांदाच येत आहेत, तेव्हा त्यांना पेठेच्या वारशाची आणि इथल्या पाहण्यासारख्या ठिकाणांची ओळख करून द्यायची, हे एक. आणि आज दुपारी गाव सोडून पालमला लेकीकडं निघालेल्या धुरपताबाईंना आपल्या सगळ्यांच्या वतीनं निरोप द्यायचा, हे दुसरं. थोडक्यात आटप, असंही बजावलं आहे. आता मी पडलो कापडदुकानदार. गिऱ्हाइकाला नुसता खण हवा असला तरी चार ठाणं उलगडल्याशिवाय मला चैन पडत नाही. तेव्हा जरा पसरट बोलणं झालं तर चालवून घ्या. पुढं पुढं माझी जीभ अडखळायला लागली, तर त्याचं कारण तोवर तुमच्याही ध्यानात आलेलं असेल.

साहेब, आपली जीप ज्या वेशीतून आत आली तिला रुमाली वेस म्हणतात. डोक्याला बांधायच्या रुमालांचा बाजार तिथं भरायचा. हैदराबादच्या बड्या बड्या अमीर-उमरावांच्या डोक्यावर आमच्या पेठेचा रुमाल असायचा, आणि तो इथून उंटांवरून जायचा, असं आमचे आजोबा सांगत. उंट मी पाहिले नाहीत. पण गाठोडी आवळताना दोरांनी वेशीच्या दगडाला पाडलेल्या खाचा आजही बोटानं चाचपता येतात. जाताना जरूर पाहा.

वेशीतून उजवीकडं वळलं की तांबडी बारव लागते. आमचं आडनाव रंगारी, ते त्या बारवेमुळं. आल नावाच्या झाडाच्या मुळीचा लाल रंग चढवून ठाणं तिच्या पाण्यात धुवायची, हा आमच्या घराण्याचा धंदा. पायऱ्या अजून तांबूस दिसतात. पाहुणे विचारतात, एवढ्या वर्षांत रंग गेला कसा नाही? मी छाती पुढं काढून सांगतो, आमचा रंग पक्का होता. मग ते विचारतात, हल्ली आपण काय करता? मी सांगतो, मिलचं कापड विकतो. तिथं आमचं बोलणं जरा थांबतं.

बारवेच्या वर चौंडेश्वरीचं देऊळ आहे. त्याचा एकेक खांब एकेका कोष्टी घराण्यानं दिलेला आहे आणि प्रत्येक खांबाच्या पायथ्याशी धोटा कोरलेला आहे. आडव्या सुताची कांडी ज्यात बसवतात, तो धोटा. देवीला नमस्कार करताना आपोआप धोट्यालाही नमस्कार घडतो. त्यापलीकडं मोमीनपुरा, मुसलमान विणकरांची वस्ती. तिथल्या मशरूला, म्हणजे रेशीम-सुताच्या कापडाला, दूरदूरहून मागणी असायची. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या गडबडीनंतर तिथल्या बऱ्याच घरांना कुलपं लागली, ती लागलीच. पाहुण्यांना तो भाग दाखवताना आम्ही जरा झपझप चालतो. का चालतो, ते इथल्या वडीलधाऱ्यांना मी सांगायला नको. तीही लाजेचीच गोष्ट आहे, पण ती एका दमात उरकण्यासारखी नाही. आज मला दुसरीच सांगायची आहे.

आणि सगळ्यात मोठं आकर्षण म्हणजे आपण बसलो आहोत ते हे दालन. साहेब, आपल्या डाव्या हाताला, दोरीच्या कुंपणाआड जो हातमाग मांडलेला आहे, तो पेठेतला शेवटचा माग. एके काळी या गावात सकाळी उठलं की बाकी काही ऐकू यायच्या आधी मागांची खटखट ऐकू यायची. त्यातला हा एक उरला. बाकीचे कुणाच्या चुलीत गेले, कुणाच्या छपराला लागले. त्याच्यावरचं ते हिरवं लुगडं आपण मघाशी हातात धरून पाहिलंत आणि मला विचारलंत, हे अर्धवट का सोडलंय? मी म्हणालो, भाषणात सांगतो. ते आता सांगतो.

छप्पन साली आपण मुंबई राज्यात गेलो, तेव्हाची गोष्ट आहे. आपल्याला आनंद होता, होता की नाही? मिठाई वाटली, कमानी उभारल्या. पण आतून एक धाकधूकही होती. मुंबई-पुण्याकडची माणसं आता आपल्याकडं येणार. त्यांच्याकडं गड आहेत, गिरण्या आहेत, कॉलेजं आहेत. आपण निजामाच्या राजवटीतून आलेले, उर्दू शाळेत शिकलेले, बोलायला लागलो की मधेच 'लेकिन' म्हणणारे. ते म्हणतील, हे काय घेऊन आले? अशात निरोप आला की मुंबईकडचे एक बडे साहेब दौऱ्यावर आहेत आणि घटकाभर पेठेत थांबतील. तेव्हा व्यंकटरावांनी ठरवलं की वाचनालयाच्या या खोलीत विणकरांचं दालन करायचं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. कल्पना चांगलीच होती, आजही मी तिला नावं ठेवणार नाही.

पण विणकरांच्या दालनात माग नको? सारी पेठ पालथी घातली. चालता माग एकच निघाला, धुरपताबाईंच्या घरी. त्यांचे यजमान ग्यानबा गेल्यावर बाई स्वतः मागावर बसल्या होत्या. कोष्ट्याच्या घरात बाईनं कांड्या भराव्यात, खळ लावावी. मागावर पुरुषानं बसावं, अशी आपली चाल. तेव्हा पेठेत कुजबुज झाली. बाईंनी तिकडं लक्ष दिलं नाही. लुगडी विणायची, ताडकळसच्या बाजारी न्यायची आणि आपलं भागवायचं, असं त्यांचं चाललं होतं.

आम्ही पाच-सहा जण कोष्टीवाड्यातल्या त्यांच्या घरी गेलो. मागावर हे हिरवं लुगडं होतं. साहेब, आमच्या पेठेच्या कोष्ट्यांची एक रीत आहे. लेकीच्या पहिल्या डोहाळजेवणाला हिरवं लुगडं आईच्या घरच्या मागावरून उतरलेलं लागतं, विकतचं चालत नाही. बाईंची एकुलती लेक नर्मदाबाई पालमला दिलेली, तिला दिवस गेले होते. बाई म्हणाल्या, थोडंच राहिलंय, तेवढं होऊ द्या, मग न्या. तेव्हा आमच्यातला एक शहाणा म्हणाला की उलट अर्धवटच बरं, पाहुण्यांना विणकाम कसं चालतं ते दिसेल. आम्हा सगळ्यांना ते एकदम पटलं. कसं पटलं, ते आता मला उमगत नाही. लेकीचं लुगडं अर्धं आहे म्हणून जास्त शोभेल, असं आम्ही आईला तिच्या दारात उभं राहून सांगितलं.

आणि बाईंनी दिला माग. का दिला? कारण आम्ही म्हणालो, गावाचे पाहुणे येणार आहेत, पेठेच्या इज्जतीचा सवाल आहे. पाहुणे आले-गेले की माग परत. आपल्या घरी पाहुणे आले की आपण शेजारून सतरंजी आणतो, ताटं आणतो, चांदीचं फुलपात्र आणतो, तसं. बाईंनी उभं सूत स्वतः गुंडाळून दिलं. येडबा धनगराच्या गाडीतून माग इथं आला.

समारंभ थाटात झाला. बड्या साहेबांनी बाईंना म्हटलं, जरा मागावर बसून दाखवा. साहेब, हा खड्ड्याचा माग. घरात जमिनीत खड्डा असतो, त्यात पाय सोडून बसायचं आणि खालच्या पावड्या पायानं दाबायच्या. इथं शहाबादी फरशी. बाई मागाजवळ गेल्या, खाली बघितलं आणि म्हणाल्या, "पाय कुठं सोडायचे?" सगळं दालन हसलं. बडे साहेब हसले, व्यंकटराव हसले, मी हसलो. बाई पदर तोंडाला लावून मागं बायकांत जाऊन बसल्या. मग भाषणं झाली आणि त्यात कुणीतरी या मागाला 'पेठेला मिळालेली अमोल भेट' म्हणालं. टाळ्या पडल्या. तिथून त्या मागाची भेट झाली. व्यंकटरावांना वाटलं, चिटणिसांनी बाईंना विचारलं असेल. मला वाटलं, अध्यक्षांनी विचारलं असेल. बाकीच्यांना वाटलं, या दोघांनी विचारल्याशिवाय का कुणी बोलेल? बाईंना कुणीच विचारलं नव्हतं, आणि टाळ्या पडल्या तोवर त्या उठून घरी गेल्या होत्या.

लेकीचं डोहाळजेवण आलं. बाई माझ्या दुकानी आल्या आणि हिरवं मिलचं लुगडं मागितलं. मी हौसेनं दाखवलं, रंग पक्का आहे म्हणालो, घडी घालून दिली. माग कुठं आहे हे मला ठाऊक, लुगडं कशाला हवं तेही ठाऊक, रीतही ठाऊक. तिन्ही गोष्टींची सांगड माझ्या डोक्यात पडली नाही, कारण समोर गिऱ्हाईक होतं. त्या डोहाळजेवणाचा नातू आता अंगणभर पळतो.

पुढचं तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. दर बाजारच्या दिवशी धुरपताबाई इथं यायच्या. सोबत फडकं, वाटीत थोडं तेल. दोरी उचलून आत जायच्या, लाकूड पुसायच्या, फणीतली धूळ काढायच्या, उंदीर लागला का ते बघायच्या. आम्हाला गहिवरून यायचं. केवढी निष्ठा, असं आम्ही म्हणायचो. पाहुणे असले तर मी मुद्दाम बाजारचा दिवस साधायचो. वेस, बारव, देऊळ, आणि शेवटी ही आमच्या पेठेची शेवटची विणकर, असं मी सांगायचो. पाहुणे हात जोडायचे. बाई दर वेळी मान वर करून माझ्याकडं बघायच्या. मला वाटायचं, कौतुक ऐकतायत.

मग कानावर आलं की धुरपताबाई पेठ सोडून कायमच्या लेकीकडं चालल्या. आपल्यात लेकीच्या दारी जाऊन राहणं म्हातारपणी किती जड जातं, हे इथल्या बायाबापड्यांना माहीत आहे. आम्हाला वाटलं, थकल्या असतील. समितीनं ठरवलं की निरोप थाटानं द्यायचा, शाल, श्रीफळ, साहेबांच्या हस्ते सत्कार. आमंत्रणाच्या अक्षता घेऊन मी त्यांच्या घरी गेलो.

घर आवरून झालं होतं. गाठोडं बांधलेलं होतं. आणि मधल्या घरात मागाचा खड्डा होता तसा होता. काठ ताजा सारवलेला, वर फळी टाकलेली, कोंबड्या आत जाऊ नयेत म्हणून. मी म्हटलं, बाई, हा अजून बुजवला नाही? तेव्हा त्यांनी मला बसायला घोंगडं टाकलं आणि विचारलं,

"पाव्हणे सरले का, बाबा?"

मला काही कळेना. मी म्हटलं, कुठले पाहुणे? त्या म्हणाल्या, "तुमचेच की. पाव्हणे आले-गेले की माग देतो म्हनलाव. मी दर बाजारी येऊन बघायले. जवा बघावं तवा तुमच्याकडं पाव्हणे हायतच. पाव्हणे घरात आसताना दिलेली वस्तू कशी मागावी?"

साहेब, आपण पुण्याकडचे, म्हणून खुलासा करतो. इथल्या सगळ्यांना तो नको आहे, त्यांच्या माना केव्हाच खाली गेल्यात. आमच्याकडं पाहुण्यांसाठी नेलेली वस्तू पाहुणे घरात असेतो कुणी परत मागत नाही. शेजाऱ्याची लाज ती आपली लाज, असं मानतात. तोंडानं तर नाहीच मागत, दारात जाऊन उभंही राहत नाहीत. फार तर लांबून बघून येतात. बाई दोन वर्षं बघून जात होत्या. आम्ही पेठेचा वारसा म्हणून दोरांच्या खाचा, खांब आणि पायऱ्या दाखवत फिरलो, आणि आमच्या पेठेची ही रीत एकट्या बाईंनी पाळली. आम्ही तिचा फायदा उठवला. जाणूनबुजून नाही उठवला, हे खरं. पण त्यानं बाईंना काय फरक पडतो?

मी विचारलं, बाई, मग जाताय कशाला? त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की एवढं साधं याला कसं कळत नाही. "हाताला काम न्हाई म्हनून जायलेय. माग आसता तर कशाला गेले आसते?" रागाचा एक शब्द नाही. उलट मी उठलो तर म्हणाल्या, च्या घेऊन जा. मी चहा घेतला. 

आज सकाळी मी व्यंकटरावांकडं गेलो आणि हे सगळं सांगितलं. अध्यक्ष महाराज, आपली परवानगी आहे असं समजून बोलतो.  ते म्हणाले, "किशनराव, तुम्ही सभेत सांगा. माझ्यानं तोंड वर करवणार नाही." एवढ्या मोठ्या माणसाला हे म्हणायला बळ लागतं, आणि त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदरच वाटतो. पण दोष त्यांच्या एकट्याचा नाही, माझ्या एकट्याचाही नाही. त्या दिवशी 'अमोल भेट' ऐकून टाळ्या वाजवलेले हात या दालनात पुष्कळ आहेत. मला लाज वाटते, बंधूंनो. उन्हाळ्यात अंगाला चिकटलेल्या सदऱ्यासारखी ती चार दिवस माझ्या अंगाला चिकटली आहे आणि कुठंही गेलो तरी निघत नाही.

तर आता निरोपाबद्दल. बाहेर गाडी उभी आहे. ती येडबाचीच आहे, दोन वर्षांपूर्वी माग आणला तीच. मघाशी येडबा मला ओसरीवर म्हणाला, "तवा बी म्याच हाकली. आता गाडीत काय घालू, तेवढं सांगा." मी त्याला म्हटलं, भाषण होईस्तोवर थांब. येडबा, आता सांगतो. माग घाल. कोष्टीवाड्यातली पोरं दाराशी आहेत, त्यांनी ती दोरी सोडावी. लाकूड हळू उतरवा. उभं सूत गुंडाळायला मात्र कुणी हात लावू नका, ते बाईच गुंडाळतील. त्या लुगड्यावर आलेल्या-गेलेल्यांच्या बोटांचे डाग पडलेत, ते निघतील की नाही मला ठाऊक नाही. माझ्या घराण्याला अजून थोडं रंगकाम आठवत असेल, तर मी त्यावर हात चालवून बघेन.

गाडी कुठं न्यायची, ते मात्र बाईंनी सांगावं. कोष्टीवाड्यात म्हणाल्या, तर कोष्टीवाड्यात. तिथला खड्डा सारवलेला आहे. पालमला म्हणाल्या, तर पालमला. तिथं खड्डा खणायला आपली पोरं सोबत जातील. बाईंनी राहावं असं मला फार वाटतं. पण ते म्हणायचा हक्क आम्ही घालवून बसलो आहोत, म्हणून म्हणत नाही. या दालनात मागाची जागा रिकामी राहील. राहू द्या. कुणी विचारलं तर मी सांगेन की इथं एक माग उसना आणला होता, तो ज्याचा त्याला दिला.

साहेब, आपल्याला वारसा पाहायला बोलावलं आणि हे ऐकायला लावलं. आपल्या हातची शाल बाजूला ठेवली आहे, ती घ्यायची की नाही तेही बाईच ठरवतील. आपण शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, कमलबाईंनी आणि महिला मंडळानं फराळाची व्यवस्था केली, आपण सगळे आपली कामं टाकून आलात, सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात कुणाचं मन दुखावलं असेल, एखादं मानाचं नाव राहून गेलं असेल, तर ती चूक माझ्या पदरी टाका आणि मोकळे व्हा. दुसरी जी चूक आहे तिची माफी मी या व्यासपीठावरून मागत नाही. ती मागायला मागाबरोबर गाडीमागं चालत जावं लागेल, आणि ज्याला यायचं त्यानं यावं.

आता फक्त एक उत्तर द्यायचं राहिलं आहे. चार दिवसांपूर्वी मला विचारलेल्या प्रश्नाला मी उत्तर न देता चहा पिऊन उठलो होतो. ते सगळ्यांच्या देखत देतो आणि खाली बसतो.

धुरपताबाई, पाव्हणे सरले.